रांगतं बाळ जवळ आलं की कुत्रा गुरगुरतो, थांबतो आणि पुन्हा सुरू करतो: आमच्या घरी शेवटी काय लागू पडलं

अडचण अशी होती. घरात साडेचार वर्षांची मुलगी, रांगता मुलगा आणि सहा वर्षांचा कुत्रा, भुऱ्या. भुऱ्याने आजवर कुणाला दात लावलेला नाही. मुलगी तान्ही होती तेव्हा तो तिच्या पाळण्याखाली झोपायचा. मुलगा रांगत त्याच्याकडे निघाला की मात्र तो गुरगुरायचा. रोज नाही आणि दर वेळीही नाही. आठ दिवस काहीच व्हायचं नाही, आम्हाला वाटायचं मिटलं, आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही हे तीनदा मिटवलं आणि तीनदा ते परत आलं. चौथ्यांदा जे केलं ते टिकलं, म्हणून सगळं लिहून काढते आहे. फसलेलंही लिहिते, कारण बहुतेक घरं आधी त्याच वाटेने जातात.

तुमच्याकडे हेच चालू असेल तर पुढचं वाचायच्या आधी एक करा. आजपासून बाळ आणि कुत्रा एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय ठेवायचे नाहीत. दार उघडून येईपर्यंतही नाही. लहान मुलांना होणारे चावे बरेचदा ओळखीच्या, घरातल्याच कुत्र्याचे असतात. शिवाय रांगत्या मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं, त्यामुळे इजा चेहऱ्याला, डोक्याला किंवा मानेला होते. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. बाकीचे उपाय शांतपणे करायला तुम्हाला काही आठवडे लागणार आहेत, आणि ते आठवडे सुरक्षित जायला हवेत.

आधी गुरगुरणं दाबलं, ती चूक होती

पहिल्यांदा तो गुरगुरला तेव्हा मी जोरात ओरडले. नवऱ्याने त्याला पट्ट्याला धरून बाहेर नेलं. असं तीन-चार वेळा झालं आणि भुऱ्या गप्प झाला. आम्हाला हायसं वाटलं. पुढच्याच आठवड्यात मुलगा त्याच्या अंथरुणाशी पोचला. भुऱ्या हलला नाही, आवाज केला नाही, आणि एकदम हवेत तोंड मारलं. दातांवर दात आपटल्याचा खट्ट असा आवाज मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकला. मुलाचा हात चार बोटांवर होता. आम्ही फक्त आवाज बंद केला होता. त्रास होता तिथेच होता.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली आगाऊ सूचना. तिच्यासाठी शिक्षा झाली की तो सूचना द्यायचं सोडतो आणि थेट पुढच्या पायरीवर जातो. त्यामुळे तो गुरगुरला की ओरडू नका. बाळाला उचला, दोघांमधलं अंतर वाढवा आणि काय घडलं होतं ते मनात टिपून ठेवा.

“त्याला मालक कोण ते दाखवा, उताणा पाडून दाबून धरा” असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. तो मानू नका. कळपाचा मुखिया सगळ्यांना दाबात ठेवतो ही कल्पना बंदिवासात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली मांडलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. आधीच घाबरलेल्या कुत्र्याला बाळासमोर दाबून धरलं, तर बाळ आलं की आपल्यावर संकट येतं एवढंच तो शिकतो. पाण्याचा फवारा आणि तोंड आवळून धरणं यांचंही तेच.

दुखणं आहे का ते आधी बघा

दुसऱ्यांदा आम्ही त्याला पशुवैद्यांकडे नेलं. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. डावा कान आतून सुजलेला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. मुलगा त्याच कानाला धरायचा. औषधाचे थेंब सुरू केल्यावर दहा-बारा दिवसांत भुऱ्या मोकळा झाला आणि गुरगुरणंही थांबलं. आम्हाला वाटलं कारण सापडलं.

कान, दात, हिरड्या, पाठ, खुबा, गुडघे, कातडीची खाज. शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर हे सगळं तपासून घ्या. कुत्रा वयस्क असेल तर सांधे आणि नजर नक्की तपासा. पण लक्षात ठेवा, कान बरा झाला तरी तीन आठवडे कान ओढून घेतल्याची आठवण बरी होत नाही. आमच्याकडे दोन आठवड्यांनी गुरगुरणं परत आलं.

तिसऱ्यांदा आम्ही त्याला “स्वतःची जागा” दिली. बैठकीच्या खोलीत, सोफा आणि भिंतीच्या मधल्या कोपऱ्यात मऊ अंथरूण घातलं. चारच दिवसांत त्याच कोपऱ्यात सगळ्यात जास्त गुरगुरणं सुरू झालं. का, ते आम्हाला वहीने सांगितलं.

वही: हा भाग टाळू नका

आमची वही म्हणजे फ्रिजवर लावलेला एक कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. प्रत्येक प्रसंगाला पाच गोष्टी लिहायच्या: किती वाजले, भुऱ्या कुठे होता, त्याच्या आसपास काय पडलं होतं, बाळ किती अंतरावर होतं आणि आधीच्या दोन-तीन तासांत घरात काय झालं. घरातल्या प्रत्येकाने लिहायचं. आजीने तर चष्मा शोधून शोधून लिहिलं, आणि तिच्या नोंदी सगळ्यात नेमक्या निघाल्या. “सकाळपासून पाहुणे. दुपारी निजला नाही. बेल चार वेळा.” ही तिची ओळ मला आजही तशीच्या तशी आठवते.

तीन आठवड्यांनी कागद खाली काढून बसलो. “अधूनमधून, काही कारण नसताना” गुरगुरतो असं आम्ही ज्याला म्हणत होतो, त्यात कारण नसलेला एकही प्रसंग नव्हता. जवळजवळ सगळे संध्याकाळी साडेसहा ते आठच्या मधले. निम्म्याहून जास्त त्या सोफ्यामागच्या कोपऱ्यात, जिथून बाहेर पडायला एकच वाट आणि बाळ नेमकं त्याच वाटेने येणारं. काही प्रसंग बाळाच्या उंच खुर्चीखाली, खाऊ सांडलेला असताना. आणि शाळेला सुट्टी असली, म्हणजे मुलगी दिवसभर घरात धावत असली, की त्या दिवशी हमखास.

तुमच्या वहीत वेगळं निघेल. कुठे खेळणं असेल, कुठे दाराजवळची अरुंद जागा, कुठे सोफा, जिथे कुत्रा आईच्या मांडीशी बसलेला असतो आणि बाळही तिथेच येतं. पण लिहिल्याशिवाय ते कळत नाही. आपल्याला गुरगुरणं तेवढं आठवतं, त्याच्या आधीची दुपार आठवत नाही.

गुरगुरण्याच्या आधीचे दहा सेकंद

एक दिवस मी ठरवून जमिनीवर बसले आणि फक्त भुऱ्याकडे बघितलं. मुलगा खोलीच्या पलीकडच्या टोकाला होता, नवरा त्याच्या मागे हात पुढे करून तयार. मुलाचे तळवे फरशीवर थपथप वाजायला लागले. भुऱ्या धापत होता, त्याचं तोंड सैल उघडं होतं. ते मिटलं. हे पहिलं. मग त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिलं, जसं काही तिथे काहीतरी आहे. जिभेचं टोक बाहेर आलं आणि नाकावरून फिरून आत गेलं. मोठी जांभई दिली, झोप आलेली नसताना. मुलगा अजून पुढे आला. भुऱ्याने डोकं तसंच ठेवून फक्त डोळे वळवले, आणि डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसली. मग अंग ताठ झालं, पाठीवरची लव स्थिर झाली, क्षणभर श्वासही थांबल्यासारखा वाटला. नवऱ्याने मुलाला उचललं. उचललं नसतं तर पुढचा आवाज गुरगुरण्याचा होता. तोंड मिटल्यापासून इथवर सगळे मिळून दहा-बारा सेकंद.

ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस तो दर वेळी इतकं सगळं सांगत होता आणि आम्ही शेवटचा शब्द तेवढा ऐकत होतो.

एकेक खूण सुटी घेऊ नका. झोपेतून उठलेला कुत्रा जांभई देतो, जेवल्यावर ओठ चाटतो, त्यात काही नाही. बाळ जवळ येत असताना या खुणा एकामागून एक आल्या तर मात्र लगेच उठा. आणि शेपूट हलते आहे म्हणजे तो खूश आहे असं धरून चालू नका. उंच धरलेली, ताठ, थोडीशी थरथरणारी शेपूट तणावाचीही असते. अंग सैल आहे का ते पाहा.

काय काय बदललं

सगळ्यात आधी जागा. सोफ्यामागचा कोपरा कायमचा बंद केला. खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते जाळीचं फाटक बसवलं आणि अंथरूण त्याच्या पलीकडे नेलं. भुऱ्याला आम्ही दिसतो, आम्हाला तो दिसतो, पण बाळ तिथे पोचू शकत नाही. नियम असा की तो अंथरुणावर असला की कुणीही त्याच्याजवळ जायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही. त्याच्याशी काही काम असेल तर त्याला हाक मारून बोलवायचं. मुलीने फाटकाच्या अलीकडे फरशीवर लाल चिकटपट्टी लावली आणि स्वतःच रोज दुमडलेली टोकं नखाने दाबून ठेवायला लागली. चार वर्षांच्या मुलाला “जवळ जाऊ नको” हे पुसट वाटतं, पट्टी दिसते.

फाटकाची सवय मात्र शांत वेळी लावा. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं, चघळायला आवडीचं काहीतरी देऊन. फक्त गुरगुरल्यावरच त्याला फाटकामागे टाकलं, तर बाळ आलं की आपली हकालपट्टी होते असं त्याच्या डोक्यात बसेल, आणि हा त्रास वाढेल.

मग झोप. मोठा कुत्रा दिवसाच्या चोवीस तासांत साधारण बारा ते चौदा तास झोपतो, पिल्लू तर अठरा-वीस. लहान मुलांच्या घरात त्याला दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी उठवतं. बेल, रडणं, पळापळ, पाहुणे, हे एकेक लहान असतं, पण ते साचत जातं, आणि संध्याकाळी रांगत आलेलं बाळ ही त्यावरची शेवटची काडी ठरते. आम्ही दुपारी दोन तास भुऱ्याला आतल्या खोलीत दार लावून झोपू द्यायला लागलो. संध्याकाळचं फिरणं आठ वाजता असायचं, ते सहाला आणलं. आणि फिरताना घाई करणं सोडलं. त्याला हवं तिथे थांबून हुंगू दिलं की तो घरी येऊन निवांत आडवा होतो. एवढ्या एका बदलाने वहीतले प्रसंग निम्म्यावर आले. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

खाण्याचं थोडक्यात सांगते. भुऱ्याची वाटी फाटकामागे. बाळ खात असताना भुऱ्या फाटकामागे, आणि खुर्चीखालची फरशी झाडून होईपर्यंत तिथेच. तसंही मुलांच्या हातून सांडणारं सगळंच कुत्र्याला चालत नाही: द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड घटक) घातलेले बिनसाखरेचे पदार्थ त्याला विषारी ठरू शकतात.

त्याने तोंडात काही धरलं असेल तर ओढून घेऊ नका. त्याहून चांगला खाऊ दोन-तीन पावलं लांब टाका, तो तिकडे गेला की मागे राहिलेलं उचला. “खाताना वाटीत हात घालत जा म्हणजे सवय होते” हा सल्लाही सोडून द्या. जेवताना सतत कुणी हात घातला तर कुठलाही प्राणी घास राखायला शिकेल. त्याऐवजी तो खात असताना मोठ्या माणसाने दोन मीटरवरून जाताना एक तुकडा त्याच्या दिशेने टाकावा आणि न थांबता पुढे जावं. माणूस जवळ आला की माझं जातं, या समजुतीच्या जागी माणूस आला की मला मिळतं, ही समजूत हळूहळू बसते. मुलांनी हे करायचं नाही.

बाळाचा अर्थ बदलणं

जागा आणि झोप मार्गी लागल्यावरच याला हात घाला. थकलेल्या, अडकलेल्या कुत्र्याला काही शिकवता येत नाही.

दोन मोठी माणसं लागतात. एकाच्या कडेवर बाळ, दुसऱ्याच्या हातात खाऊचे नखाएवढे तुकडे, आणि हा खाऊ एरवी कधीच न मिळणारा असावा. बाळ दारात दिसलं, भुऱ्याने पाहिलं, की एक तुकडा. बाळ दिसतंय तोवर एकामागून एक तुकडे. बाळ आत गेलं की तुकडे बंद. इथे क्रम सगळ्यात महत्त्वाचा: आधी बाळ, मग खाऊ. पचनावरच्या संशोधनासाठी १९०४ साली नोबेल मिळालेल्या इव्हान पाव्हलोव्ह यांना प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांमध्ये हेच दिसलं होतं. खाण्याच्या आधी येणारी खूण ओळखून त्यांना लाळ सुटायची. खाऊ आधी काढला आणि बाळ नंतर आलं, तर उलटंच व्हायची भीती असते. खाऊ दिसला की आता बाळ येणार, म्हणून कुत्रा खाऊलाच बिचकायला लागतो.

अंतर भुऱ्याने ठरवायचं. त्याचं तोंड सैल असेल तितक्या लांबून सुरुवात करा. आमचं पहिलं अंतर चार मीटर होतं. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. तो ओठ चाटायला लागला तर दुसऱ्या दिवशी एक पाऊल मागून सुरू करा. आम्हाला चार मीटरवरून दीड मीटरवर यायला पाच आठवडे लागले, आणि मुलगा फाटकाशी आल्यावर भुऱ्याने मान वळवून माझ्याकडे खाऊसाठी पाहिलं तो दिवस मी वहीत लाल पेनने लिहिला आहे. बाळाच्या हातून खाऊ मात्र भरवू नका. लहान बोटं आणि घाईत उघडलेलं तोंड यांचा भरवसा नाही.

थोरल्या भावंडासाठी दोन गोष्टी पुरतात. एक, भुऱ्याकडे जायचं नाही, त्याला बोलवायचं. तो आला तर तीन मोजेपर्यंत छातीला किंवा खांद्याला हात फिरवायचा आणि थांबायचं. तो आणखी जवळ सरकला तर पुन्हा. तोंड फिरवलं किंवा निघून गेला तर झालं. मिठी मारायची नाही, अंगावर बसायचं नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही. दोन, भुऱ्या मागे धावायला लागला तर “झाड” व्हायचं: पाय रोवायचे, हात अंगाशी घ्यायचे, नजर जमिनीकडे, ओरडायचं नाही. आमच्या मुलीने हे खेळ म्हणून इतकं घोटलं की आता तिच्या बाहुल्याही झाड होतात. तरीही जबाबदारी आपलीच. साडेचार वर्षांच्या मुलीला नियम समजतात, लक्ष ठेवायचं काम तिला देता येत नाही.

इथे थांबा आणि मदत घ्या

कातडी फुटेल असा चावा झाला असेल, कुठलीही खूण न देता कुत्रा तोंड मारत असेल, बाळाकडे टक लावून त्याच्या मागे मागे फिरत असेल, किंवा घरातलं कुणी सतत धास्तीत जगत असेल, तर हे घरचे प्रयोग बंद. दोघांना पूर्ण वेगळं ठेवा आणि पशुवैद्यांकडून प्राण्यांच्या वर्तनाचा जाणकार शोधा. शिक्षेवर भर देणारा प्रशिक्षक नको. तोंडाला जाळी लागणार असेल तर पिंजऱ्यासारखी घ्या, जिच्यात त्याला धापता आणि पाणी पिता येतं, आणि तीही खाऊ देत देत सवय करून. कधी कधी मुलं नसलेलं दुसरं चांगलं घर शोधणं हाच दोघांसाठी योग्य निर्णय असतो. तो घेणाऱ्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही.

चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा, कारण रडणाऱ्या मुलाला धरून दोन मिनिटंही पंधरा वाटतात. कसलाही घरगुती लेप लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून टाळू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जीव वाचणं जवळपास अशक्य असतं, पण वेळेवर धुतलेली जखम आणि वेळेवर घेतलेली लस त्याला रोखते. लस लागेल की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

परत का येतं

आमच्या घरात दोन महिने एकही नोंद नव्हती. मग मुलगा सोफ्याला धरून उभा राहायला लागला आणि त्याच आठवड्यात भुऱ्याचं तोंड पुन्हा मिटलं. वरून डोलत येणारं, मधूनच धपकन पडणारं हे माणूस त्याच्यासाठी नवीन होतं. या वेळी गुरगुरण्यापर्यंत गेलं नाही. आम्ही अंतर परत तीन मीटर केलं, तुकडे परत बाहेर काढले, आणि दहा दिवसांत गाडी रुळावर आली. रांगणं, उभं राहणं, चालणं, पळणं, खेळणी फेकणं, घरी मित्र आणणं: यातली प्रत्येक पायरी कुत्र्याला नव्याने दाखवावी लागते. पुढची पायरी दिसायला लागली की गुरगुरण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात अंतर वाढवा.

सध्या मुलगा चौदा महिन्यांचा आहे आणि दुडूदुडू चालतो. फाटकावरून हात आत घालण्याइतका उंच झाला आहे, म्हणून परवा अंथरूण भिंतीपर्यंत मागे सरकवलं, आणि मुलीने जुनी लाल पट्टी खरवडून काढून नवी एक फूट अलीकडे लावली. नवा कागदही फ्रिजवर चढला आहे. त्यावर अजून एकच ओळ आहे, आजीच्या अक्षरात: “आज दुपारी दोन्ही लेकरं आणि भुऱ्या, तिघं झोपले.”